कुंडीखालचे चौदा पायांचे सोबती

अंगणातील एखादी जुनी कुंडी उचलून बाजूला केली की तिच्याखालच्या ओलसर जागेत राखी रंगाचे, अंगावर आडव्या पट्ट्यांचे कवच असलेले लहान लहान किडे पळापळ करताना दिसतात. त्यांतले काही बोट लागताच अंग गुंडाळून घेतात आणि मिरीच्या दाण्यासारखी गोळी होऊन निपचित पडून राहतात. आपणा सर्वांनी ते पाहिलेले आहेत. बहुतेकांनी त्यांना झाडूने लोटले आहे, किंवा फवारा मारून त्यांची वासलात लावली आहे. फ्रेंचमध्ये त्यांना क्लोपोर्त म्हणतात. शास्त्रात त्यांच्या गटाला आयसोपॉड हे नाव आहे, म्हणजे समान पायांचा प्राणी.

वाचकहो, याच क्षुद्र किड्याला आज युरोप-अमेरिकेत फार मान आला आहे. लोक त्याला काचेच्या पेटीत ठेवतात, पाने खाऊ घालतात, त्याच्या रंगांची चर्चा करतात आणि दुर्मिळ जातीसाठी पैसेही मोजतात. जपानमध्ये तर बालवाडीतील मुले गोळी होणारे हे किडे डबीत घालून सांभाळतात. तेथे त्यांना दांगो-मुशी, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या गोळीसारखा किडा, असे लाडके नाव आहे. आता तशी चित्रे आपल्या घरातील मुलेही पाहतात आणि आई-बाबांकडे हट्ट धरतात. हट्ट पुरवण्याजोगा आहे. कुत्र्यामांजरापेक्षा खर्च कितीतरी कमी, आवाज नाही, चावणे नाही, लसीकरण नाही. परंतु तो कोणत्या किड्याने पुरवावा, हा प्रश्न आपल्यासारख्या बेटावर राहणाऱ्यांना टाळता येणार नाही. त्याकडे पुढे येऊच.

प्रथम एक गैरसमज दूर करू. सोयीसाठी आपण किडे म्हणत असलो तरी हे कीटक नव्हेत. कीटकांना सहा पाय असतात. यांना सात जोड्या, म्हणजे चौदा. यांचे खरे भाऊबंद खेकडे आणि कोळंबी. कोकणात अंग वेटोळे करणारा जो पैसा किंवा वाणी आजी-आजोबांनी पाहिला असेल, तोही हा नव्हे. वाण्याला शरीराच्या बहुतेक वलयांवर पायांच्या दोन-दोन जोड्या असतात आणि त्याचे अंग लांबट असते. आपला हा प्राणी आखूड, रुंद, कासवाच्या वळणाचा. समुद्रातून जमिनीवर येऊन कायमचे बिऱ्हाड केलेल्या थोड्या कवचधाऱ्यांपैकी तो एक आहे. उष्ण प्रदेशांतील किनाऱ्यांवर, भरतीरेषेच्या वर काळ्या खडकांवरून सुर्रकन पळणारे लिजिया नावाचे प्राणी याच कुळातले, आणि ते अजून अर्धे समुद्राचे, अर्धे जमिनीचे आहेत.

समुद्र सोडला, पण समुद्राची सवय सुटली नाही. याच गोष्टीतून त्यांची सारी निगा समजते. कीटकांच्या अंगावर पाणी उडू न देणारा मेणाचा थर असतो, तसा चांगला थर यांच्या अंगावर नाही. त्यामुळे कोरड्या हवेत ते काही तासांत सुकून मरतात. त्यांचे श्वसन पोटाच्या मागच्या भागाखाली असलेल्या पातळ पाकळ्यांमधून चालते, आणि त्या पाकळ्या ओलसर राहाव्या लागतात. काही जाती उताण्या केल्या तर तेथे पांढरे ठिपके दिसतात. ती त्यांची साधी फुप्फुसे होत. आता गंमत अशी की ओल हवी म्हणून पाण्यात टाकावे, तर ते बुडून मरतात. त्यांना ओली हवा पाहिजे, पाण्याची वाटी नव्हे. शरीरातील नको असलेला नायट्रोजन ते लघवीवाटे न टाकता अमोनिया वायूच्या रूपाने सोडतात. म्हणून झाकण घट्ट बसवलेल्या, हवा न खेळणाऱ्या डब्यात ते गुदमरतात. पाळणाऱ्याचे सारे कसब ओल आणि वारा यांचा मेळ घालण्यात आहे.

पेटीची कल्पना मात्र जुनी आहे. १८२९ साली लंडनचे एक डॉक्टर, नॅथॅनियल वॉर्ड, यांनी पतंगाचा कोष ओल्या मातीसह बाटलीत बंद करून ठेवला होता. पतंगाचे काय झाले ते राहू द्या. त्या मातीतून नेच्याचे रोप उगवले आणि बाहेरच्या धुरकट हवेत जे जगत नव्हते ते बाटलीत जगले. त्यातून वॉर्डची काचपेटी जन्माला आली. १८३३ मध्ये अशा पेट्यांतून झाडे जहाजाने सिडनीपर्यंत जिवंत पोहोचली, आणि पुढे रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधील चहाची रोपे अशाच पेट्यांतून हिंदुस्थानात नेली. रोपांबरोबर माती गेली, आणि मातीबरोबर तिच्यातले किडेही गेले. कुंडीखाली सापडणाऱ्या ज्या जाती आज जगभर दिसतात, त्या अशाच रोपे, माती आणि जहाजातील माल यांच्या आधाराने बंदरोबंदरी उतरल्या आहेत. आपले पूर्वज मुंबई बंदरातून गलबतात चढले तेव्हा त्या गलबतांतही असे बिनतिकिटाचे प्रवासी असावेत!

पेटी कशी तयार करावी

महाग काचपेटीची मुळीच गरज नाही. पाच-सहा लिटरचा पारदर्शक प्लॅस्टिकचा झाकणाचा डबा पुरतो. आइस्क्रीमचा मोठा डबा असला तरी चालेल. डब्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना, वरच्या भागात, भोके पाडावीत म्हणजे वारा आरपार खेळतो. भोकांवर आतून मच्छरदाणीची जाळी किंवा पातळ कापड चिकटवावे. मोठी भोके उघडी ठेवली तर पिल्ले बाहेर पडतात आणि चिलटे आत शिरतात.

तळाशी सात-आठ सेंटीमीटर थर घालावा. कुजलेल्या पानांचे खत, नारळाच्या सोडणाचा धुतलेला भुसा आणि बोटांनी सहज चुरा होईल असे पांढरट कुजके लाकूड यांचे मिश्रण उत्तम. आंब्याचे किंवा फणसाचे जुने लाकूड चांगले. बाजारातील खत घातलेली तयार माती वापरू नये, आणि उसाच्या शेतातील माती तर नकोच. तेथे तणनाशके वापरली जातात आणि या प्राण्यांना त्यांचा मोठा धोका. पाचटही मी घालणार नाही. ते चिवट असते, लवकर कुजत नाही, आणि त्यावर काय फवारले आहे हे आपल्याला ठाऊक नसते.

या थरावर वाळलेल्या पानांची जाड गादी करावी. ही गादी म्हणजे त्यांचे अंथरूण, पांघरूण आणि जेवण, तिन्ही एकदम. या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. किनाऱ्यावर आणि अंगणांत ज्याला आपण बादामिये म्हणतो, त्या बदामाची पाने गळण्यापूर्वी लालभडक होतात आणि वाऱ्यासरशी ढिगाने पडतात. कोकणातील जंगली बदाम तो हाच. परदेशात हौशी लोक हीच पाने पाकिटातून विकत घेतात! आपल्याला ती झाडून टाकण्याचे काम असते. त्याखेरीज आंबा, फणस, पेरू यांची वाळकी पाने चालतात. निलगिरी, कापूर, लिंबू-संत्रे यांची उग्र वासाची पाने आणि सुरूच्या काड्या मात्र वर्ज्य समजाव्यात. पाने झाडाखालची, रस्त्याच्या धुरापासून दूरची घ्यावीत आणि वापरण्यापूर्वी पाच-दहा मिनिटे पाण्यात उकळून वाळवून घ्यावीत. तसे न केल्यास त्यांच्याबरोबर गोम किंवा कोळी पेटीत येतो, आणि गोम आली की पाळलेल्यांची संख्या रोज कमी होत जाते.

डब्याची एक तृतीयांश बाजू ओली ठेवावी, उरलेली कोरडीकडे झुकणारी. ओल्या कोपऱ्यात शेवाळाचा एक तुकडा ठेवून त्यावर दर दोन-तीन दिवसांनी पाणी शिंपडावे. नळाचे पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून मग वापरावे हे बरे. कोरड्या बाजूस झाडाच्या सालीचा एक तुकडा पालथा ठेवला की दिवसभर सर्व मंडळी त्याखाली दाटीवाटीने बसलेली दिसतील. कोणाला किती ओल पाहिजे हे ते स्वतःच ठरवतात आणि जागा बदलतात. सर्व जण ओल्या कोपऱ्यात गोळा झाले असतील तर पेटी कोरडी पडली आहे. सर्व जण झाकणाकडे चढू लागले असतील तर आत चिखल झाला आहे किंवा हवा कोंदली आहे.

हवामानाच्या दृष्टीने आपल्या बेटाचे दोन भाग मानावेत. क्युरपिप, वाकवाकडील मंडळींना पाणी घालण्यापेक्षा बुरशी रोखण्याचे काम अधिक. त्यांनी भोके जास्त पाडावीत. पोर्ट लुईस, बांबू, ब्लॅक रिव्हर या बाजूला उन्हाळ्यात डबा खिडकीत ठेवला तर दुपारी त्याची भट्टी होते. पलंगाखाली किंवा जिन्याखाली, सावलीत ठेवावा. वीस ते अठ्ठावीस अंश सेल्सिअसमध्ये ते सुखाने राहतात. मुंग्यांचा उपद्रव सर्वत्रच आहे. त्यावर आपल्या आज्यांचा उपाय अजूनही सर्वोत्तम आहे: दुधादह्याच्या कपाटाच्या पायांखाली त्या जशा पाण्याच्या वाट्या ठेवत, तसा डबा एका पाणी भरलेल्या पसरट ताटात दोन विटांवर ठेवावा.

खाणेपिणे

मुख्य अन्न वाळलेले पान. पाने संपली की नवीन घालावीत, इतकेच. आठवड्यातून एकदा गाजर, लाल भोपळा किंवा काकडीची एखादी पातळ चकती द्यावी आणि दुसऱ्या दिवशी उरलेली काढून टाकावी. मुलांना खाऊ घालण्याची फार हौस असते आणि सडलेल्या भाजीवर चिलटे व माइट होतात. पंधरा दिवसांनी थोडी प्रथिने हवीत. त्यासाठी बिनमिठाच्या सुक्या कोळंबीचा चिमूटभर चुरा पुरतो. भाऊबंदांचे मांस खातात म्हणून कोणी नाक मुरडू नये, त्यांना त्याचे काही वाटत नाही. ते स्वतःची विष्ठाही पुन्हा खातात. त्यांच्या रक्तात आपल्यासारखे लोह नसून तांबे असते. हे तांबे आणि सूक्ष्म जंतूंनी पचवलेले अन्न त्यांना त्यातून परत मिळते.

चुना मात्र कधीही विसरू नये. कवच त्याचेच बनते. अंड्याची धुऊन वाळवून कुटलेली टरफले किंवा समुद्रफेसाचा तुकडा कायम पेटीत ठेवावा. काही जण किनाऱ्यावरून पोवळ्याचे तुकडे उचलून आणतात, ते करू नये. लगूनमधील पोवळ्याला कायद्याचे संरक्षण आहे, आणि अंड्याचे टरफल घरात रोजच असते.

अर्धे पांढरे, अर्धे राखी

पाळायला लागल्यावर काही आठवड्यांनी एक दिवस मूल धावत येते, की एक किडा अर्धा पांढरा पडला आहे, तो आजारी आहे. तो आजारी नसतो, कात टाकत असतो. साप अंगरखा एकदम उतरवतो. हे प्राणी तो दोन हप्त्यांत उतरवतात: आधी मागचा अर्धा भाग, आणि एक-दोन दिवसांनी पुढचा. त्यापूर्वी जुन्या कवचातील चुना शोषून घेऊन ते पुढच्या भागात पोटाशी पांढऱ्या चकत्यांच्या रूपाने साठवतात आणि नव्या कवचासाठी वापरतात. उतरवलेली कात बहुधा खाऊनही टाकतात. या काळात अंग मऊ असते, म्हणून त्यांना हात लावू नये.

जन्माची रीत याहूनही नवलाची आहे. मादी अंडी जमिनीत घालत नाही. तिच्या पायांमध्ये पातळ पडद्यांची एक पिशवी तयार होते, ती द्रवाने भरलेली असते आणि अंडी त्यात वाढतात. समुद्र सोडून आलेल्या या प्राण्याने आपल्या पोरांसाठी समुद्राचा एक थेंब पोटाशी बाळगला आहे, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. काही आठवड्यांनी तिच्यातून डझनावारी पांढरी, टाचणीच्या टोकाएवढी पिल्ले बाहेर पडतात. त्यांना सहाच जोड्या पाय असतात. सातवी जोडी नंतर कात टाकताना येते. भिंग असेल तर मुलांना हे मोजायला सांगावे. एक तास तरी घरात शांतता राहील. सामान्य जाती दोन-तीन वर्षे जगतात.

शाळेत जीवशास्त्र शिकणाऱ्यांसाठी दोन सोपे प्रयोग या पेटीतून होतात. एक जुनाच आहे: दोन कप्प्यांच्या डबीत एकीकडे ओला कापूस, दुसरीकडे कोरडा ठेवून दहा किडे मधोमध सोडावेत आणि दर मिनिटाला कोणत्या कप्प्यात किती आहेत ते लिहावे. दुसरा पुठ्ठ्याच्या अरुंद वाटांचा. किड्याला प्रथम उजवीकडे वळणे भाग पाडले, तर पुढच्या फाट्यावर तो बहुतेक वेळा डावीकडे वळतो. अशा आलटूनपालटून वळण्याने तो संकटापासून सरळ रेषेत दूर जातो. दहा वेळा करून पाहावे, प्रत्येक वेळी तसेच होईल असे नाही, आणि ते लिहून ठेवण्यातच अभ्यास आहे.

कधी पेटीत एखादा किडा निळा-जांभळा, चकचकीत दिसू लागतो. मुलांना वाटते, नशीब फळफळले! पण अंगात विषाणू शिरल्यामुळे तो रंग येतो आणि असा किडा थोड्याच दिवसांत मरतो. त्याला लगेच वेगळा काढावा. जन्मतः निळसर राखी, पावडर लावल्यासारखी दिसणारी एक जात आहे, तिच्याशी याची गल्लत करू नये. तिची सर्व भावंडे तशीच असतात. माणसाला या प्राण्यांपासून रोग होत नाहीत, तरी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

परदेशी जातींचा मोह

आता मूळ प्रश्नाकडे. २०१७ च्या सुमारास थायलंडमधील चुनखडीच्या डोंगरांतील एक जात हौशी लोकांच्या हाती आली. तिचे तोंड पिवळे, बदकाच्या चोचीची आठवण करून देणारे. म्हणून तिला रबरी बदक असे नाव पडले. सुरुवातीला एकेका किड्यासाठी कित्येक डॉलर मोजले गेले. स्पेनमधील मोठ्या, ठिपकेदार जातींनाही अशीच मागणी असते. सुंदर आहेत यात शंका नाही. परंतु त्या आपल्या बेटावर कोणी पाकिटातून, खिशातून आणू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. बेटाचा इतिहास माहीत असलेल्या माणसाला दुसरे मत असूच शकत नाही.

१७६२ मध्ये टोळांचा नाश करण्यासाठी हिंदुस्थानातून साळुंकी आणली गेली. १९२२ मध्ये उसाच्या भुंग्यांवर उपाय म्हणून दक्षिण आफ्रिकेतून बेडूक आणला, आज तो बेटभर आहे आणि जंगलातील देशी गोगलगायी व भुंगे खातो. आफ्रिकेतील मोठी गोगलगाय पिके खाते म्हणून १९६० च्या दशकात अमेरिकेतून दुसरी, शिकारी गोगलगाय आणली. तिने मोठीला सोडले आणि येथील लहान देशी गोगलगायींचा फडशा पाडला. मॉरिशसमध्ये सुमारे सव्वाशे देशी जातींच्या जमिनीवरील गोगलगायी नोंदल्या गेल्या होत्या. त्यांतील एक तृतीयांश जाती आता उरलेल्या नाहीत. जंगलतोड हे मोठे कारण, आणि असे पाहुणे हे दुसरे. चांगल्या स्थितीतील मूळ जंगल दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे. त्याच्या पाचोळ्यात कोण कोण राहते याचा हिशेब पूर्ण होण्यापूर्वीच ते संपू नये.

कोणी म्हणेल, पाने खाणारा एवढासा किडा कोणाचे काय वाकडे करणार? अर्जेंटिनात युरोपातून आलेली गोळी होणारी एक जात सोयाबीनची कोवळी रोपे कुरतडते, तेथील शेतकऱ्यांना ती कीड म्हणून माहीत आहे. शिवाय किड्यासोबत माती येते, मातीसोबत माइट, जंतू आणि बिया. आपल्याकडे २०१५ च्या देशी जैवविविधता आणि राष्ट्रीय उद्यान कायद्यानुसार बाहेरून प्राणी आणण्यासाठी परवानगी लागते. चौकशी रेद्वी येथील राष्ट्रीय उद्यान व संवर्धन सेवेकडे करता येते. विमानतळावर पुतण्याच्या हातून डबी मागवणे हा त्यावर उपाय नव्हे.

म्हणून मुलांच्या हट्टासाठी आपल्या अंगणातीलच दहा-बारा किडे घ्यावेत. ते बेटावर कधीचेच पसरलेले असल्याने पाळून नवीन हानी होत नाही. राष्ट्रीय उद्यानातून मात्र पान, लाकूड, किडा काहीही उचलू नये. ब्लॅक रिव्हर गॉर्जेसमधील पाचोळा तेथेच शोभतो. कुंडीखालच्या दहा-बारांची वर्षभरात शंभरावर संख्या सहज होते. तेव्हा दुसरा डबा करावा, अथवा शेजारच्या मुलाला किंवा शाळेच्या वर्गाला द्यावेत. ज्यांच्याकडे नेच्यांची काचपेटी आहे त्यांनाही ते हवेच असतात, कारण गळालेली पाने आणि बुरशी खाऊन ते पेटी साफ ठेवतात. अगदीच नको झाले तर ज्या अंगणातून घेतले त्याच अंगणात, त्याच कुंडीखाली सोडावेत, डोंगरावर किंवा जंगलात नेऊन नव्हे.

चक्रीवादळांचे दिवस नोव्हेंबरपासून सुरू होतात. त्याआधी बादामियेची पाने एका पोत्यात भरून कोरड्या जागी ठेवावीत. सरकारी सूचनेप्रमाणे दारे-खिडक्या बंद झाल्या की डबा जमिनीवर, भिंतीच्या कडेला ठेवून द्यावा. दोन-तीन दिवस कोणी त्यांच्याकडे पाहिले नाही तरी चालते. पाने असली की ते खात बसतात, आणि वादळानंतर अंगणात पुढच्या वर्षभराचे जेवण पडलेले असते.